कारखान्याचा फोन आणि बाहेरच्या वाटा

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



दरवेळेप्रमाणे लागण, बेणेप्रक्रिया किंवा खोडव्याची निगा यांविषयी लिहावयाचे सोडून आम्ही या अंकात टेलिफोनविषयी लिहीत आहोत, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. उसाचा आणि टेलिफोनचा संबंध काय, असेही कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आम्हांला एका सभासदाने चांगलाच समजावून दिला. म्हणून आधी ती हकीकत.

गेल्या गळीत हंगामात जानेवारीच्या एका रात्री या सभासदाच्या तोडणीला आलेल्या आडसाली उसाला आग लागली. कशाने लागली ते कळले नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाला तोडून, बांध मोकळा करून आग आटोक्यात आणली, पण निम्मा फड होरपळला. रात्री नऊपासून ते कारखान्याचा नंबर फिरवत होते. एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. गटाच्या शेती मदतनिसाचा मोबाईल लागेना, कारण तो टोळी हलवण्यासाठी दुसऱ्या टोकाच्या गावी गेला होता आणि तिथे रेंज नव्हती. सकाळी ते शेतकी ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना अजून धुराचा वास येत होता.

"अण्णा, रात्रीच का नाही कळवलं?" आम्ही विचारले.

"कळवतच होतो की साहेब. तुमचा फोन कुणाशी बोलत होता, ते तुम्हीच सांगा."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. जळिताचा ऊस किती लवकर तुटून गव्हाणीत पडतो यावर सारे असते. जसजसा उशीर होतो तसतसे वजन घटते, उतारा घटतो, आणि ते नुकसान सभासदाचेही असते व कारखान्याचेही. रात्री निरोप मिळाला असता तर पहाटे टोळी उभी करता आली असती. प्रत्यक्षात ती तिसऱ्या दिवशी गेली.

मग आम्ही चौकशी केली. कारखान्यात टेबलाटेबलावर मिळून साठ फोन आहेत. पण बाहेरच्या लाईनी चार. त्यांपैकी एक बरेच दिवस बंद पडलेली, एक जुन्या फॅक्स मशीनला कायमची अडकवलेली. उरलेल्या दोहोंपैकी एकीवर केन यार्डातून वाहतूकदारांशी बोलणे चाललेले, आणि दुसरीचा रिसीव्हर कोणीतरी नीट ठेवलेलाच नव्हता. म्हणजे साठ फोनांच्या कारखान्यात त्या रात्री बाहेरून आत यायला वाट नव्हती. चूक आमचीच होती, आणि ती इथे मांडण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

पुण्याच्या कचेरीत

पुढे मा. संचालक मंडळाने टेलिफोनची व्यवस्था बदलण्याचा विषय हाती घेतला. आधी पुण्याच्या आपल्या कचेरीत नवे यंत्र बसवून पाहावे आणि मग कारखान्यावर, असे ठरले. साखर संकुलातल्या बैठकीच्या निमित्ताने आम्हांला पुण्याला जायचेच होते. बैठक उरकून आम्ही दोन दिवस कचेरीत बसलो आणि यंत्र बसवणाऱ्या तरुण इंजिनियराला प्रश्न विचारून विचारून हैराण केले. तो बिचारा शेतकऱ्याचाच मुलगा निघाला, त्यामुळे त्याची भाषा आम्हांला समजली. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

कचेरीतल्या यंत्राला ई.पी.ए.बी.एक्स. म्हणतात. हे आपल्या घरचे छोटे एक्स्चेंज. हिशेबनिसाने चेअरमनसाहेबांच्या केबिनला फोन लावला तर ते बोलणे इमारतीतल्या इमारतीत फिरते, बाहेर जात नाही आणि त्याचे बिलही येत नाही. पण बाजीराव रस्त्यावर किंवा आपल्या गावी बोलायचे असेल तर या घरच्या एक्स्चेंजमधून टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंत वाट हवी. त्या वाटेला ट्रंक म्हणतात. जुन्या सभासदांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर बुक करून तासन् तास वाट पाहायची, घाई असेल तर जादा पैसे भरून लाईटनिंग कॉल लावायचा. मुंबईला टेलिफोन १८८२ साली आला, पण गावाहून गावाला ऑपरेटरवाचून थेट नंबर फिरवण्याची सोय देशात १९६० साली, कानपूर-लखनौ दरम्यान, प्रथम झाली. त्या काळच्या साऱ्या ताटकळण्याचे कारण एकच होते, दोन एक्स्चेंजांमधल्या वाटा थोड्या आणि बोलणारे फार. ट्रंक म्हणजे खोड. आत फांद्या कितीही फुटोत, रस वर चढायचा तो खोडातूनच.

आपल्या यार्डाचे उदाहरण घ्या. यार्डात चारशे गाड्या उभ्या आहेत, पण वजनकाटे दोनच आहेत. यार्ड आणखी वाढवून गाड्या लवकर खाली होतील काय? फोनचेही तेच. नवे फोन घेतले, टेबले वाढवली, पण बाहेरच्या लाईनी तेवढ्याच ठेवल्या, तर फक्त रांग वाढते. काट्यावरची रांग निदान दिसते. फोनची रांग आपल्याला दिसत नाही, ती सभासदाला ऐकू येते.

तांब्याची जोडी

बाहेरची वाट तीन प्रकारची असू शकते. सर्वांत जुनी म्हणजे तांब्याच्या दोन तारांची जोडी. एका जोडीवर एका वेळी एकच बोलणे होते. चार बोलणी हवीत तर चार जोड्या. लोकांना मात्र एकच नंबर दिलेला असतो. ती लाईन गुंतलेली असेल तर एक्स्चेंज दुसरी पाहते, मग तिसरी. याला हंटिंग म्हणतात.

या तारांचा एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. फोनला लागणारी वीज त्या स्वतःच घेऊन येतात. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असते आणि तिथून ती वीज आपल्या टेबलापर्यंत पोहोचते. म्हणूनच गावातले दिवे गेले तरी जुना साधा फोन चालू राहत असे. आता ठिकठिकाणी तांबे काढून त्या जागी फायबर घालण्याचे काम चालू आहे. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

एका केबलवर तीस बोलणी

दुसरा प्रकार पी.आर.आय. लाईनचा. इथे आवाजाचे आकडे करून पाठवतात. आपण बोलतो त्या आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेतात आणि प्रत्येक माप ८ अंशांत, म्हणजे बिटांत, लिहितात. ८ गुणिले ८,००० म्हणजे ६४,०००. एका माणसाचे बोलणे म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, हे माप ध्यानात ठेवा.

अशा ३२ वाट्या एका केबलवर एकापाठोपाठ एक भरून पाठवतात. पाण्याच्या पाळीसारखेच हे आहे. पाट एक, पण प्रत्येकाची वेळ ठरलेली. ३२ पैकी एक वाटी मोजमापाचा ताल राखण्यासाठी, एक 'कोणाचा फोन, कोणाला' हे सांगण्यासाठी, आणि उरलेल्या ३० बोलण्यासाठी. सारे मिळून सेकंदाला २,०४८ किलोबिट. म्हणजे एका जोडणीवर एकाच वेळी तीस जण बोलू शकतात.

याचा दुसरा फायदा असा की बाहेरच्या माणसाला थेट आतला फोन वाजवता येतो. कंपनी आपल्याला, समजा, शंभर नंबरांची ओळ देते. कोणी त्यांतला एक फिरवला की कंपनीचे एक्स्चेंज शेवटचे आकडे आपल्या यंत्राला कळवते आणि आपले यंत्र नेमका तोच फोन वाजवते. याला डी.आय.डी. म्हणतात. शेतकी खात्याचा, ऊस बिलाचा, वाहतुकीचा असे वेगळे नंबर देता येतात. 'थांबा हं, जोडून देतो' म्हणून ऑपरेटर गेला तो गेला, असे मग होत नाही. पण शंभर नंबर मिळाले म्हणजे शंभर वाटा मिळाल्या असे नव्हे. वाटा तीसच.

मोळ्या बांधून पाठवलेला आवाज

तिसरा प्रकार सिप ट्रंक. पुण्याच्या कचेरीत हाच बसवला. इथे आवाजासाठी राखून ठेवलेली वाट नसते. ज्या फायबरवरून संगणकाची माहिती जाते त्याच फायबरवरून आवाजही जातो, पण तुकडे करून. एका सेकंदाच्या बोलण्याचे साधारण पन्नास तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर तो कुठून आला, कुठे जायचा आणि कितवा आहे याची चिठ्ठी असते. उसाच्या मोळ्या बांधाव्यात, प्रत्येकीला चिठ्ठी लावावी, आणि पलीकडे त्या चिठ्ठीप्रमाणे ओळीने मांडाव्यात, तसेच हे. चिठ्ठ्यांचेही वजन होते, म्हणून ६४ किलोबिटचे बोलणे वाटेत ८० ते १०० किलोबिट जागा घेते. तीस बोलण्यांना सुमारे ३ मेगाबिट पुरतात, आणि आजच्या फायबरला ते काहीच नाही.

मग अडचण कोणती? वेळेची. पत्र किंवा हिशेबाची फाईल अर्ध्या सेकंदाने उशिरा आली तर बिघडत नाही. आवाजाची मोळी मात्र उसासारखी ताजीच पोहोचली पाहिजे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागला तर बोलणे सहज वाटते. त्याहून फार लागला तर दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम गप्प होतात. उशिरा आलेली मोळी यंत्र टाकून देते आणि शब्द तुटतो. म्हणून यंत्राला सांगून ठेवावे लागते, की कोणी मोठी फाईल उतरवत असला तरी आवाजाच्या मोळ्यांना आधी वाट दे. जळिताच्या गाडीला यार्डात आपण जशी आधी वाट देतो, तसेच.

आणखी एक धोका. ही वाट इंटरनेटच्या चव्हाट्याला लागून असते. यंत्राचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला, तर दूरदेशीचे चोर रात्रीत आपल्या यंत्रातून परदेशी फोन करतात आणि बिल आपल्या नावावर येते. म्हणून पासवर्ड बदलणे, नको असलेली आंतरराष्ट्रीय सोय बंद ठेवणे आणि दारावर राखणदार यंत्र बसवणे हे काम पहिल्याच दिवशी करून घेतले. जोडणीही परवानाधारक कंपनीकडूनच घ्यायची. स्वस्तात फोन फिरवून देतो म्हणणारी बेकायदा एक्स्चेंजे पोलिसांनी वेळोवेळी पकडलेली आपण वाचतोच.

किती वाटा पुरेत?

आम्ही इंजिनियराला विचारले, नेमक्या किती लाईनी घ्याव्यात? यावर त्याने एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाचे नाव घेतले. हे गृहस्थ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. याच प्रश्नाचे गणित त्यांनी मांडले आणि १९१७ साली सूत्र प्रसिद्ध केले. आजही जगभर तेच वापरतात.

समजा, गर्दीच्या तासाला साठ फोन येतात आणि प्रत्येक तीन मिनिटे चालतो. एकूण १८० मिनिटे, म्हणजे सरासरीने तीन लाईनींचे काम. मग तीन लाईनी घेतल्या की झाले, असे आपल्याला वाटेल. पण फोन करणारे घड्याळ लावून एकामागून एक करीत नाहीत. पाऊस आला की सारे एकदम करतात, बिल निघाले की एकदम करतात. सूत्राप्रमाणे तीन लाईनींवर दर तिघांमागे एकाहून जास्त जणांना एंगेज ऐकू येईल. चार घेतल्या तरी पाचांत एकाला. आठ घेतल्या तर मात्र शंभरात एखाद्यालाच. आमच्या चार लाईनींपैकी धड दोनच चालत होत्या. अण्णांना त्या रात्री काय ऐकू आले, त्याचे उत्तर इतके सोपे होते.

माहितीची वाट

फोनची वाट आणि माहितीची वाट आता एकच झाली आहे, म्हणून दोन शब्द त्याविषयी. १९९० साली सरकारने पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले. तिथल्या कंपन्यांना उपग्रहामार्फत परदेशाशी ६४ किलोबिटच्या जोडण्या मिळू लागल्या. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याएवढी वाट. पुण्यातल्या संगणक धंद्याची पहिली पेरणी अशा बारक्या पाटावर झाली.

आपल्या क्षेत्रातले उदाहरण वारणेचे. वारणानगरला सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत १९९८ साली संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. उसाची नोंद, खतांची उचल, वजन, ही माहिती सभासदाला गावातच मिळावी हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. संगणकाऐवजी मोबाईलवरून एस.एम.एस. पाठवून तीच माहिती मागवायची. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडले. यातून आम्ही एवढेच घेतले, की टेबलावर कोणते यंत्र आहे याच्याशी सभासदाला कर्तव्य नाही. माहिती त्याच्या हातात पडली पाहिजे.

आपल्याही काट्यावरून वजन होताच संदेश येतो. तो काट्याच्या संगणकातून याच वाटेने टेलिफोन कंपनीकडे जातो. असे संदेश नोंदणी केलेल्या अक्षरी नावानेच येतात, दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाहीत. एखाद्या साध्या नंबरावरून 'आपले ऊस बिल अडकले आहे, ही लिंक दाबा' असा निरोप आला तर तो कारखान्याचा नाही, हे घरच्या सर्वांना सांगून ठेवा.

वाट एकच नको

पुण्याची जोडणी चांगली चालली. तेव्हा एक सूचना पुढे आली, की कारखान्यावर वेगळ्या बाहेरच्या लाईनी ठेवण्याचे कारण काय? कारखान्याचे फोन फायबरने पुण्याच्या यंत्राला जोडावेत आणि बाहेरच्या साऱ्या वाटा पुण्यातच असाव्यात. खर्च वाचेल. सूचना हिशेबाला बरोबर होती आणि आम्हांलाही आधी पटली होती. पण इंजिनियराने एक प्रश्न विचारला. "साहेब, बगॅसच्या ढिगाला आग लागली आणि तुमच्या माणसाने १०१ फिरवला, तर बंब कुठून येईल?"

फोन ज्या गावी बाहेर पडतो, त्या गावचा समजला जातो. कारखान्यातून फिरवलेला १०१ पुण्याच्या अग्निशमन दलाकडे वाजला असता. तिथल्या माणसाने पत्ता विचारला असता, आणि मग शोधाशोध. जळिताच्या एका फोनपायी ज्या कामाला सुरुवात झाली, त्याच कामात आगीचाच फोन चुकीच्या गावी पाठवण्याची सोय आम्ही करून ठेवणार होतो.

म्हणून कारखान्यासाठी आम्ही केलेली शिफारस अशी. बाहेरच्या वाटा कारखान्यावरच असाव्यात. सिप ट्रंक घ्यावी, पण दोन कंपन्यांची, आणि दोन्ही फायबर वेगवेगळ्या रस्त्यांनी यावेत. एकाच चरातून दोन कंपन्यांचे फायबर आणले तर रस्ता खोदणारा दोन्ही एका फटक्यात तोडतो. पुण्याच्या लोकांना खोदाईचे काही नवल राहिलेले नाही. फायबरला स्वतःची वीज नाही, म्हणून यंत्राला आणि राऊटरला रात्रभर पुरेल अशी बॅटरी हवी. सर्वांत शेवटचा आधार म्हणून यंत्रालाच एक मोबाईल सिम जोडलेले असावे. आणि रात्री शेतकी खात्याचा नंबर वाजला व वीस सेकंदांत कोणी उचलला नाही, तर तो आपोआप केन यार्डाच्या ड्यूटीवरच्या माणसाकडे आणि तिथून आमच्याकडे जावा.

काही सभासद म्हणतात, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मोबाईल माणसाबरोबर फिरतो. माणूस रजेवर जातो, बदलून जातो, रेंजबाहेर जातो. अण्णांना त्या रात्री मोबाईलनेही दगा दिलाच. कारखान्याचा नंबर तीस वर्षांपूर्वी घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असला तरी आज लागला पाहिजे, आणि पलीकडे कोणीतरी उचलला पाहिजे.

विषय वार्षिक सभेपुढे येईल तेव्हा खर्चाचे आकडे आपणांपुढे मांडले जातीलच. तोपर्यंत एक विनंती. जुनी बंद लाईन दुरुस्त झाली आहे, फॅक्सची लाईन मोकळी केली आहे, म्हणजे सध्या चारही वाटा चालू आहेत. मोळी पडण्यापूर्वी एखाद्या रात्री नऊनंतर आपण कारखान्याला फोन लावून पाहावा. लागला तर उचलणाऱ्याचे नाव विचारा. नाही लागला तर दिवस आणि वेळ कागदावर लिहून गट कार्यालयात द्या. ते कागद आम्ही सभेला घेऊन येऊ.

कळावे.